शनिवारी पाहिलेली खोली

जुलै आला की सोलापुरात आभाळ रोज भरतं आणि रोज तसंच निघून जातं. वारा मात्र सुटतो. त्या वाऱ्यात एसटी स्टँडच्या बाहेर बाप आणि मुली दिसायला लागतात. बापाच्या हातात फाइल, मुलीच्या खांद्याला सॅक. बाप खिशातला पत्त्याचा कागद काढून रिक्षावाल्याला दाखवत असतो आणि मुलगी त्याच्या चार पावलं मागं, जणू ती त्या गावाला आलेलीच नाही अशी उभी असते. त्या चार पावलांवरून मला कळतं, ॲडमिशनचे दिवस आले.

मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथल्या सुनीताताईंनी परवा विचारलं, "माझी भाची येतीय शिकायला. तू इथं बाहेरून येऊन राहिलेली ना? शांत एरिया सांग की एखादा."

मी रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत होते. "सांगते," म्हटलं आणि काहीच सांगितलं नाही. शांत हा शब्द ऐकला की मला एक शनिवार आठवतो आणि मग मला उत्तर देता येत नाही.

आम्ही वैरागचे. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. मी मात्र इंग्रजी शाळेत जायची, रोज व्हॅननं बार्शीला, खिडकीजवळची जागा धरून. मला मराठी यायचं, पण ते घरातलं. परक्या माणसासमोर वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत जुळायचं, मग त्याचं मराठी व्हायचं, आणि ते ओठांपर्यंत येईतो समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. लोक आईला म्हणायचे, मुलगी गुणाची आहे, बोलत नाही. न बोलणं हा गुण कसा असेल, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण त्या गुणामागं लपायला जागा होती, म्हणून मी तो राहू दिला.

खोली बघायला आम्ही आलो तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. बाबांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असायची आणि रजा वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आधी जुळे सोलापूरला गेलो. बाबांचे जुने साहेब, जोशीकाका, तिथं फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांची मुलगी लग्न होऊन गेली होती आणि तिची खोली रिकामी होती. खोली छानच होती. खिडकीला जाळी, भिंतीला गुलाबी रंग, टेबलावर दिवा. पण त्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडायचं, आणि हॉलमध्ये जोशीकाकू बसलेल्या होत्या.

"दहावीला किती होते गं? बारावीला कमी का झाले? मायक्रोबायोलॉजी म्हणजे पुढं काय करता येतं? स्वयंपाक येतो का थोडाफार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोक्यात तयार होत होतं तेव्हा चौथा प्रश्न आला होता. काकू वाईट नव्हत्या. त्यांनी मला दोनदा शिरा वाढला. पण मी हिशेब केला की तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ हा हॉल ओलांडायचा आहे.

"काकूंचं लक्ष राहील," खाली उतरल्यावर बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी शोध संपला होता. पण कॉलेजच्या शिपायानं आणखी एक पत्ता दिला होता, पूर्व भागातला, साखर पेठेच्या पलीकडचा. बाबा एकच वस्तू बघून खरेदी करणारे नाहीत. टाचणीसुद्धा दोन दुकानांत बघून घेतात. म्हणून आम्ही तिकडंही गेलो.

ती गल्ली दुपारी झोपल्यासारखी होती. दुमजली, चुन्याची घरं. खालच्या मजल्यांना दुकानासारखी शटरं, सगळी बंद. बाहेरून लोखंडी जिना, वर एक खोली आणि समोर हातभर गॅलरी. जिन्याच्या पायऱ्यांवर पांढरी, मऊ धूळ साचली होती. घरमालकीण, नागमणीअक्का, कपाळाला हळदीचं बोट लावलेली पन्नाशीची बाई, वर आली, कुलूप काढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं मला काहीच विचारलं नाही. नावसुद्धा नाही.

बाबांनी सगळं तपासलं. नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, खिडकीचे गज हलवून बघितले, गॅलरीतून वाकून गल्ली दोन्ही टोकांपर्यंत बघितली. खालच्या बंद शटरकडं बघून म्हणाले, "खाली गोडाऊन दिसतंय. म्हणजे भाडेकरूंची कटकट नाही." मग अक्काला विचारलं, "इथं त्रास वगैरे काही?"

"कशाचा त्रास? काय न्हाय की," अक्का म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

"शांत आहे," बाबा मला म्हणाले. "तरी जोशीसाहेबांकडं बरं. काय?"

आणि मी म्हटलं, "ही."

एवढंच. माझे कपडे आई आणायची, शाळा बाबांनी निवडली, सायन्स मार्कांनी निवडलं. 'ही' हा माझ्या आयुष्यातला पहिला निवाडा होता. बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "महिनाभर बघू. अभ्यास झाला नाही तर जुळे सोलापूर. साहेबांना मी थांबायला सांगतो."

चौथ्या शनिवारी गादी, बादली, कुकर आणि पुस्तकं घेऊन आम्ही परत आलो. गल्ली तशीच झोपलेली. बाबा संध्याकाळच्या बार्शी गाडीनं परत गेले, जाताना पुन्हा म्हणाले, "शांत आहे."

रविवारी सकाळी सात वाजता खोलीची जमीन थरथरायला लागली. मला आधी वाटलं भूकंप. टेबलावर ठेवलेला चष्मा आपल्या आपण कडेकडं सरकायला लागला. मी अनवाणी जिना उतरून खाली आले, आणि शटर वर गेलेलं होतं. आत चार यंत्रमाग उभे होते आणि चारही चालू होते. त्यांच्यावरून टॉवेलचं कापड इंच इंच खाली येत होतं. अक्काचे यजमान, अंबादासमामा, बनियनवर, दोन मागांच्या मधल्या बोळात उभे होते. समोरच्या घरातही तेच. शेजारच्या घरातही तेच. सबंध गल्ली एका लयीत दात वाजवत होती. पायऱ्यांवर मी जी धूळ म्हणून बघितली होती ती मागावरून उडणारी सुताची पिंज, कापसाचे बारीक तंतू, होती.

अक्का रहाटावर कांड्या भरत होती. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसतात त्या सुताच्या बारीक कांड्या. तिनं माझं तोंड बघितलं, उठून जवळ आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "शनवारी सुट्टी असती की मागाला. तुमाला ठाव न्हवतं?"

नव्हतं. आमच्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं की गल्लीलासुद्धा सुट्टीचा वार असू शकतो. बाबांनी नळ तपासला, कडी तपासली, वार तपासला नाही. आणि गंमत अशी की रविवारी ते घर सोडत नसत, निघणार ते दुसऱ्या-चौथ्या शनिवारीच. ते जेव्हा जेव्हा येतील तेव्हा तेव्हा त्यांना झोपलेलीच गल्ली दिसणार होती.

मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत मी गुलाबी भिंतीच्या खोलीत असते.

पहिले तीन दिवस डोकं ठणकलं. कॉलेजात बसलं तरी कानात माग चालू. पाण्याच्या ग्लासात सारखी गोल गोल वर्तुळं उठायची. पिंज तर सगळीकडं. वरणात, केसांत, वहीच्या पानांत, उशीवर. रात्री आठला माग थांबले की कान एकदम मोकळे व्हायचे आणि त्या मोकळेपणाचीच भीती वाटायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या पहिल्या सकाळनंतर या घरात मला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारणं शक्यच नव्हतं. अक्का चहा घेऊन वर यायची, ठेवायची, हनुवटी वर करून 'पी' म्हणायची आणि जायची. खाली दिवसभर बोलणं हातांनीच चालायचं. दोन बोटं एकमेकांभोवती फिरवली की कांडी संपली. बोटाचा आकडा करून ओढला की ताण्यातला उभा धागा तुटला. पाची बोटं जुळवून ओठांशी नेली की जेवायला चला. अंबादासमामांचं नाव म्हणजे वरच्या ओठावर फिरवलेलं बोट, मिशी. अक्काचं नाव नाकातल्या चमकीवर टेकवलेलं बोट. एका संध्याकाळी जिना चढताना मी बघितलं, मामांनी माझ्याकडं मान करून अंगठा आणि बोटाची दोन कडी केली आणि डोळ्यांवर धरली. चष्मा. ते माझं नाव होतं. न विचारता ठेवलेलं.

मी कॉलेजातून येताना शटरपाशी थांबायला लागले. आधी एक मिनिट, मग पाच, मग अक्काशेजारच्या पोत्यावर बसून कांड्या भरायला लागले. अक्काची भाषा तेलुगू. तिचंही मराठी थोडं थांबून, वळण घेऊन यायचं. आम्ही दोघी आपापल्या भाषांच्या उंबऱ्यावर अडलेल्या बायका होतो. पण तिथं मध्ये भाषा येतच नव्हती. हात उचलला की झालं. डोक्यात वाक्य जुळवायला लागत नव्हतं. मी हातांनी भांडायलासुद्धा शिकले. अक्का जास्त भात वाढायची आणि मी तिच्या ताटाकडं बोट दाखवून म्हणायची, आधी स्वतःचं बघ.

आणखी एक झालं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वरच्या खोलीत, भर मागांच्या आवाजात, मी मोठ्यानं वाचायला लागले. जिवाणूंची नावं, व्याख्या, सगळं घसा ताणून. शाळेत बाई म्हणायच्या, "लाउडर प्लीज," आणि माझा आवाज आणखी आत जायचा. इथं तो बाहेर आला, कारण तो कुणालाच ऐकू जात नव्हता. पेपरात मला जे आठवलं ते त्याच आवाजात आठवलं.

फोन मी कॉलेजच्या आवारातून करायची, लिंबाच्या झाडाखाली उभं राहून.

"शांत आहे ना?" बाबा विचारायचे.

"हो," मी म्हणायची. लिंबाखाली शांतच असायचं.

शनिवार मात्र मला जड जायचा. माग बंद, आणि आठवडाभर साठलेलं सगळं बोलणं त्या दिवशी गल्लीत उतू जायचं. बायका ओट्यावर, पुरुष शटरच्या पायरीवर, तेलुगू आणि मराठी आणि मध्येच दखनी. कुणीतरी वर बघून हाक मारायचं, "ए चष्मा, खाली ये की, काय करूलालीस एकटी?" मी पडद्यामागं जायची. शनिवारी मी पुन्हा वैरागची मुलगी व्हायची. दुपारी पाल चुकचुकली तरी दचकायची. रात्री झोप यायची नाही.

त्यातच महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बाबा येऊन गेले. गॅलरीत उभं राहून त्यांनी आईला फोन लावला, "जागा उत्तम आहे. टाचणी पडली तर ऐकू येईल." मी आत कुकरचं झाकण घासत होते. पुढच्या चौथ्या शनिवारी महिना पूर्ण होणार होता. तेवढा एक शनिवार निघाला की खोली माझी.

पण ते आधीच्या बुधवारी आले. कलेक्टर कचेरीत कागद पोचवायचे होते, काम लवकर झालं, आईनं दिलेला डबा हातात होता. न कळवता आले.

मी शटरच्या आत, गल्लीकडं पाठ करून उभी होते. अक्का चार मागांच्या पलीकडं, मागच्या भिंतीशी होती. तिनं बोटं ओठांशी नेली. जेवलीस का? मी हात उताणा केला. भात संपला. तिनं छातीवर हात ठेवला. माझ्याकडं आहे, ये. मी हवेत लिहून दाखवलं. उद्या परीक्षा. तिनं दोन बोटं वर केली. मग दोन वाट्या खा. मी पोट फुगल्याचं दाखवलं आणि ती हसली. मग तिचं हसू थांबलं. तिनं वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि माझ्या मागं दाखवलं. मिशी. मला वाटलं मामा आले. मी वळले.

मिशी बाबांचीही होती.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांच्या बाहीवर पिंज बसली होती. त्यांचे ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा हलले. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि गल्लीच्या तोंडाकडं चालायला लागले. मी मागून, चार पावलं.

चौकात चहाच्या गाड्यापाशी आल्यावर आवाज मागं राहिला.

"कधीपासून?" बाबा म्हणाले.

"पहिल्यापासून. शनिवारी बंद असतात."

"आणि मला म्हणालीस शांत आहे."

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नेलं असतं."

चहा आला. बाबांनी तो बशीत ओतला, फुंकला, प्यायले नाहीत. "साहेबांची खोली अजून तशीच ठेवलीय त्यांनी. आज सांगितलं तर आज." मग बशी खाली ठेवली. "त्या बाईशी काय बोलत होतीस एवढं?"

मी सांगितलं. जेवण, भात, परीक्षा, दोन वाट्या. सांगता सांगता हात आपोआप वर जायला लागले. चहावाला बघत होता तरी मी थांबले नाही. मिशी म्हणजे मामा, चमकी म्हणजे अक्का हेही सांगितलं. बाबांनी विचारलं, "आणि तू?" मी कडी करून डोळ्यांवर धरली.

बाबा बशीकडं बघत म्हणाले, "अठरा वर्षांत माझ्याशी एवढं बोलली नाहीस तू." रागानं नाही. नोंद केल्यासारखं. "उद्या परीक्षा आहे म्हणालीस. अभ्यास कसा होतो त्या खडखडाटात?"

"ओरडून," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. चहा गार झाला होता तो एका घोटात संपवला आणि स्टँडकडं निघाले. जोशीसाहेबांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, पण राहा असंही म्हणाले नाहीत.

परवा, सुनीताताईंच्या भाचीसाठी म्हणून, मी लॅब सुटल्यावर त्या गल्लीत गेले. मंगळवार होता. मी कोपऱ्यावर नेहमीसारखी थांबले, कान तयार करायला, आणि काहीच आलं नाही. शटरं खाली. गल्ली शनिवारसारखी. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं सांगितलं, माग विकून टाकले. मामा आता मोटारसायकलवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या कारखान्यात जातात. गल्लीतले बरेच जण तिकडंच.

"खोली रिकामी हाय का?" मी तिच्यासारखं विचारलं.

"हाय की. कोन येतंय? शांत हाय म्हनून सांग," ती म्हणाली आणि शेंगेचं टरफल लांब फेकलं. "लई शांत हाय."

मग ती आत गेली. मी ओट्यावर बसून राहिले. एवढ्या वर्षांत अक्काच्या आवाजाची मला सवयच झाली नव्हती. आतून तिनं मला हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन, मध्ये चिमणी चिवचिवली तरी ऐकू येईल अशा शांततेत, तिनं दोन कडी करून डोळ्यांवर धरली आणि पाची बोटं जुळवून ओठांशी नेली. चष्मा, जेवायला चल.

सुनीताताईंना मी एवढंच सांगितलं की भाचीला घेऊन कामाच्या दिवशी जा. सुट्टीच्या दिवशी बघितलेल्या जागेचं काही खरं नसतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आवाज असतो का तिथं?" मी म्हटलं, "आता नसतो." त्यांना वाटलं मी शिफारस करतेय.

मी स्वतः आता जुळे सोलापूरलाच राहते. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला, खाली स्कूटरची रांग. शांत आहे. टाचणी पडली तर ऐकू येते. मोठ्यानं वाचायचं मात्र बंद झालं.

त्या बुधवारी स्टँडवर बार्शी गाडी लागलेली होती. बाबा खिडकीशी बसले आणि धुळीला भिऊन त्यांनी काच ओढून घेतली. इंजिन सुरू झालं, वर लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं पुकारत होते. मी खाली उभी. ते काहीतरी बोलले. मी मान हलवली, ऐकू येत नाही. त्यांनी काच उघडायचा प्रयत्न केला, ती अडकली होती. गाडी मागं यायला लागली. मला वाटलं, शनिवारी सामान बांधून ठेव, हेच असणार.

मग बाबांनी काच सोडून दिली. दोन्ही हात वर केले, जरा लाजत, शेजारच्या माणसाकडं एकदा बघून. अंगठा आणि बोटाची कडी त्यांना नीट जमली नाही, पण त्यांनी ती डोळ्यांवर धरली. मग पाची बोटं जुळवून ओठांशी नेली, आणि दोन बोटं वर केली.

दोन वाट्या खा.

आता ते महिन्यातून एकदा येतात, दोन दिवस राहतात. जाताना मी त्यांना खाली फाटकापर्यंत सोडायला जाते. रिक्षा सुटेतो आम्ही इकडचं तिकडचं पुष्कळ बोलतो. आणि रिक्षा वळताना ते बाहेर वाकून मागं बघतात, दोन्ही हात डोळ्यांशी नेतात. मध्ये काच नसते, आवाजही नसतो.